सातबारा दाखवणाऱ्या ॲप्लिकेशनच्या चाचण्या: कोणती कुठे ठेवायची, केव्हा चालवायची

उदाहरण जळकोटचं

जळकोट तालुक्यातली मुलं-मुली बीसीएस, बीसीए किंवा अभियांत्रिकीसाठी उदगीर, लातूर, नांदेड गाठतात. शेवटच्या वर्षी प्रकल्प म्हणून एखादं वेब ॲप्लिकेशन तयार होतं. अहवालात ‘टेस्टिंग’ नावाचं एक प्रकरण असतं, त्यात तक्ता असतो आणि तक्त्यात प्रत्येक ओळीपुढे ‘पास’ लिहिलेलं असतं. त्या चाचण्या हातानं एकदा केलेल्या असतात. पुढच्या महिन्यात कोड बदलला की तो तक्ता काहीच सांगू शकत नाही. नोकरीच्या ठिकाणी मात्र कोड रोज बदलतो, त्यामुळे चाचण्याही यंत्रानंच, रोज आणि न कंटाळता चालवाव्या लागतात. त्या लिहायला शिकवणारं साहित्य भरपूर आहे. लिहून झालेल्या शेकडो चाचण्या लावायच्या कशा, यावर मराठीत फारसं लिहिलं जात नाही, म्हणून हा लेख.

उदाहरण घरातलंच घेऊ: सातबारा. गाव नमुना 7 म्हणजे जमिनीच्या हक्काची नोंद आणि गाव नमुना 12 म्हणजे पिकांची. पीककर्ज, पीकविमा, खरेदीखत, वारसनोंद, सगळं या कागदापाशी येऊन थांबतं. 15 ऑगस्ट 2021 पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली आणि पिकाची नोंद शेतकरी स्वतः मोबाइलवरून करू लागला. डिजिटल सहीचा सातबारा आता घरबसल्या निघतो. आपण एक छोटं सरावाचं ॲप्लिकेशन धरून चालू: गट क्रमांक टाकला की सातबारा दाखवणारं, फेरफाराची नोंद घेणारं, हंगामाचं पीक नोंदवणारं. ते सरकारी प्रणालीचं नाही, पण नियम तेच आहेत. अशा ॲप्लिकेशनमध्ये क्षेत्राचा एक आकडा चुकला, तर वांजरवाड्याच्या किंवा अतनूरच्या माणसाचा तहसीलला दिवस मोडतो, कर्ज अडतं. चाचण्यांची मांडणी हा मला त्यामुळेच जिव्हाळ्याचा विषय वाटतो.

पसारा कसा होतो

सुरुवातीला चाचण्या दहा-वीस असतात, कशाही ठेवल्या तरी चालतं. त्या पाचशेवर गेल्या की दोन गोष्टी घडतात. संपूर्ण संच चालायला इतका वेळ लागतो की लोक तो चालवणं सोडतात. आणि एखादी चाचणी फेल झाली, तर नेमकं काय बिघडलं हे शोधण्यातच अर्धा दिवस जातो. मांडणी करायची ती या दोन दुखण्यांवर उपाय म्हणून. फेल झालेल्या चाचणीच्या नावावरून आणि जागेवरून बिघाडाचा पत्ता लागला पाहिजे, आणि ही बातमी कोड लिहिणाऱ्याला तो अजून त्याच कामात असताना मिळाली पाहिजे. पुढचं सगळं याच दोन कसोट्यांवर घासून बघितलं आहे.

तीन थर

माइक कोन यांनी 2009 च्या त्यांच्या पुस्तकात चाचण्यांचा पिरॅमिड मांडला, आणि अजूनही बहुतेक संघ तिथूनच सुरुवात करतात. तळाला पुष्कळ युनिट चाचण्या: एकच फंक्शन तपासणाऱ्या, डेटाबेस नाही, नेटवर्क नाही. मधे त्याहून कमी इंटिग्रेशन चाचण्या: आपला कोड आणि खरा डेटाबेस एकत्र. वर मोजक्या एंड-टू-एंड चाचण्या: खरा ब्राउझर उघडून वापरकर्त्यासारखं बटण दाबणाऱ्या. जसजसं वर जावं तसतशी चाचणी हळू होते आणि फेल झाली तर कारण सांगण्याची तिची ताकद कमी होते. पडद्यावर सातबारा आला नाही, यामागे पन्नास कारणं असू शकतात. क्षेत्राची बेरीज चुकली, यामागे एकच.

केंट डॉड्स यांनी 2018 मध्ये वेगळा आकार सुचवला, त्यात मधल्या थराला सर्वात जास्त जागा आहे. पडद्यांचंच काम जास्त असेल तर तो पटतो. आपल्या उदाहरणात नियमांचं ओझं मोठं आहे, तेव्हा तळ रुंद ठेवणंच मला योग्य वाटतं. आकाराच्या वादात अडकू नये. प्रत्येक नियमाची चाचणी तो जिथे सर्वात स्वस्तात तपासता येईल त्या थरात जावी, एवढं पाळलं की आकार आपोआप येतो.

तळाचा थर: हेक्टर, आर, चौरस मीटर

सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर, आर, चौरस मीटर अशा क्रमानं येतं. 1.20.50 म्हणजे 1 हेक्टर 20 आर 50 चौरस मीटर. एका हेक्टरमध्ये 100 आर, एका आरमध्ये 100 चौरस मीटर. म्हणजे हे क्षेत्र 12,050 चौरस मीटर झालं. आता कुणी फॉर्ममध्ये नुसतं 1.2 टाकलं तर? दशांश समजलं तर 1 हेक्टर 20 आर, आणि हेक्टर-आर समजलं तर 1 हेक्टर 2 आर. फरक 18 आरांचा, म्हणजे जवळपास 18 गुंठ्यांचा. प्रणालीनं असा आकडा स्वीकारायचा की परत विचारायचं, हा निर्णय चाचणीत लिहून ठेवावा. माणसं बदलतात, त्यांच्या डोक्यात असलेला निर्णय त्यांच्याबरोबर जातो.

क्षेत्र दशांश अपूर्णांकात साठवलं तर आणखी एक घोळ होतो. संगणकाच्या नेहमीच्या फ्लोटिंग-पॉइंट पद्धतीत 0.1 आणि 0.2 यांची बेरीज नेमकी 0.3 येत नाही, शेवटी बारीक शेपूट उरतं. म्हणून क्षेत्र चौरस मीटरच्या पूर्णांकात ठेवावं. मग वाटणीची चाचणी सोपी होते. 1.01.00 म्हणजे 10,100 चौरस मीटर जमीन तिघा भावंडांत सारखी वाटायची आहे. सरळ भागाकार केला की पूर्णांक येत नाही. 3,367, 3,367 आणि 3,366 अशी वाटणी केली तर बेरीज पुन्हा 10,100 होते. कोणाच्या वाट्याला एक चौरस मीटर कमी जायचं, तो नियम वेगळा. पण वाटण्यांची बेरीज मूळ क्षेत्राइतकीच आली पाहिजे, ही चाचणी कोणत्याही आकड्यांवर चालवता येते: भागीदार दोन असोत की अकरा, क्षेत्र काहीही असो. अशी एक चाचणी सुट्या वीस उदाहरणांपेक्षा जास्त पहारा देते.

तारखांचे नियमही याच थरात येतात. फेरफारावर हरकत घ्यायला 15 दिवसांची मुदत असते. तेव्हा पंधरावा दिवस आणि सोळावा दिवस या दोन कडांवर चाचणी हवी. सातव्या दिवशी काय होतं ते तपासून फारसं हाती लागत नाही. पीक नोंदवायची मुदत 1 ऑगस्टला सुरू होते असं धरलं, आणि पहाटे साडेचारला कुणी नोंद केली, तर जागतिक वेळेवर चालणाऱ्या सर्व्हरच्या घड्याळात अजून 31 जुलैच्या रात्रीचे अकरा वाजलेले असतात. भारतीय वेळ साडेपाच तास पुढे. नोंद नाकारली जाईल, आणि शेतात उभ्या असलेल्या माणसाला कारण कळणार नाही. अशा फंक्शननं ‘आज’ स्वतः विचारू नये. आजची तारीख बाहेरून द्यावी. मग चाचणी वर्षभर कोणत्याही दिवशी तेच उत्तर देते.

मराठी मजकूर

या चाचण्या परदेशी पाठ्यपुस्तकांत सापडणार नाहीत, आपल्यालाच लिहाव्या लागतात. कुणी गट क्रमांक १२ असा देवनागरी अंकांत टाकतं. पायथॉनमध्ये तो आकडा सरळ बारा होतो, जावास्क्रिप्टमध्ये ‘हा आकडाच नाही’ असं उत्तर येतं. पडदा एका भाषेत आणि सर्व्हर दुसऱ्या भाषेत लिहिलेला असेल तर दोघांचं वागणं वेगळं, आणि हा फरक हातानं तपासणाऱ्याच्या नजरेतून सहज निसटतो, कारण तो स्वतः इंग्रजी अंक टाकत असतो.

नावांचं तर त्याहून अवघड. गोऱ्हे या आडनावातला ऱ संगणकात दोन प्रकारे साठवला जातो: एकसंध अक्षर म्हणून, किंवा र आणि त्याखाली नुक्ता असा जोडून. डोळ्याला दोन्ही सारखेच, संगणकाला वेगळे. युनिकोडचं प्रमाणीकरण केलं की हे दोन्ही एक होतात. पण ॲडव्होकेटमधला ॲ एकसंध अक्षर म्हणूनही टाकला जातो आणि अ वर चंद्र देऊनही, आणि ही दोन रूपं युनिकोडच्या प्रमाणीकरणानंही एक होत नाहीत. त्यासाठी आपला नियम लिहावा लागतो. नावावरून शोध देणाऱ्या प्रत्येक मराठी ॲप्लिकेशनमध्ये अशा जोड्यांची एक वेगळी फाइल असावी आणि नवी तक्रार आली की तीत एक ओळ वाढावी, असं माझं ठाम मत आहे.

मधला थर: खरा डेटाबेस

फेरफार प्रमाणित झाला की सातबाऱ्यावरचं नाव बदलतं. दोन्ही नोंदी एकत्रच व्हायला हव्यात. फेरफार प्रमाणित झाला आणि नाव जुनंच राहिलं, किंवा नाव बदललं आणि फेरफार लटकला, हे दोन्ही अनर्थ. मधेच मुद्दाम बिघाड घडवून सगळं पूर्ववत होतं का, हे इथे तपासायचं. त्यासाठी प्रत्यक्ष वापरात जो डेटाबेस आहे तोच चाचणीतही हवा. वापरात पोस्टग्रेस आणि चाचणीत हलका एसक्यूलाइट अशी तडजोड बरेच जण करतात. मराठी नावांचा क्रम लावण्याच्या पद्धती दोन्हींत वेगळ्या, तेव्हा चाचणी पास होऊनही यादी चुकू शकते. प्रत्येक चाचणी डेटाबेसच्या स्वतंत्र व्यवहारात (ट्रान्झॅक्शनमध्ये) चालवावी आणि शेवटी तो व्यवहार रद्द करावा, म्हणजे डेटाबेस पुढच्या चाचणीसाठी कोरा मिळतो.

ओटीपी पाठवणारी किंवा शुल्क घेणारी बाहेरची सेवा मात्र इथे खरी वापरू नये. तिच्याजागी ठरलेलं उत्तर देणारा बदली घटक ठेवावा. जेरार्ड मेझारोस यांनी 2007 च्या पुस्तकात अशा बदली घटकांचे प्रकार नावानिशी लावून दिले, तेच शब्द आज सगळीकडे चालतात. खऱ्या सेवेची चाचणी आवृत्ती असेल तर तिच्यावर रात्री एक फेरी पुरते.

दोन जळकोट

चाचणीत वापरायची माहिती कुठून आणायची, हा प्रश्न बहुतेक जण शेवटी ढकलतात आणि मग प्रत्यक्षातल्या खातेदारांची नावं-क्षेत्रं उचलून टाकतात. ते करू नये. लोकांची खासगी माहिती चाचणीच्या फायलींतून कुठेही पोचते. माहिती बनावट असावी, पण तिचा आकार खरा असावा. जळकोट नावाचंच बघा. लातूर जिल्ह्यात जळकोट तालुका आहे आणि तुळजापूर तालुक्यातही जळकोट आहे. नावानं शोधणारा कोड दोघांची गल्लत करेल. केंद्राच्या ग्रामनिर्देशिकेत प्रत्येक गावाला वेगळा कोड असतो, जोडणी त्यावरून व्हावी, आणि चाचणीच्या माहितीत दोन्ही जळकोट मुद्दाम असावेत. 2023 मध्ये उस्मानाबादचं धाराशिव झालं, तेव्हा शंभर चाचण्यांत जिल्ह्याचं नाव हातानं लिहिलेलं असेल तर शंभर फायली उघडाव्या लागल्या असत्या. नमुना खातेदार, नमुना गट, नमुना गाव बनवणारं एकेक छोटं फंक्शन असावं आणि चाचणीत तेवढीच गोष्ट लिहावी जी त्या चाचणीपुरती महत्त्वाची आहे. क्षेत्राची चाचणी असेल तर क्षेत्र लिहा, बाकी सगळं फंक्शन भरेल.

फोल्डर आणि नावं

सर्वात बाहेर थरानुसार तीन फोल्डर, आणि प्रत्येकाच्या आत विषयानुसार: क्षेत्र, फेरफार, पीकनोंद, लॉगिन. थर बाहेर ठेवायचा, कारण चालवायची वेळ थरानुसार ठरते. विषय आत ठेवायचा, कारण माणूस विषयानं शोधतो. पडद्यानुसार फोल्डर करू नयेत. पडदे दर वर्षी बदलतात, फेरफाराचा नियम तितक्या सहज बदलत नाही.

नावात नियम वाक्यासारखा यावा: ‘मुदतीच्या सोळाव्या दिवशी हरकत नाकारली जाते’. ‘फेरफार चाचणी 3’ हे नाव फेल झाल्यावर काहीही सांगत नाही. चाचणीच्या आत मांडणी, कृती, पडताळणी असे तीन भाग सलग यावेत, आणि एका चाचणीत एकच कृती.

वरचा थर: ब्राउझर

2004 मध्ये शिकागोत थॉटवर्क्समध्ये काम करताना जेसन हगिन्स यांनी कंपनीतल्याच वेळ आणि खर्च नोंदवायच्या एका ॲप्लिकेशनच्या चाचणीसाठी जे साधन बनवलं, ते सेलेनियम. पुढे सायमन स्ट्यूअर्ट यांचा वेबड्रायव्हर त्यात मिसळला आणि 2018 मध्ये वेबड्रायव्हर हे वेबचं अधिकृत मानक झालं. 2020 मध्ये मायक्रोसॉफ्टनं प्लेराइट आणलं. महाराष्ट्राचाही या क्षेत्रात मोठा वाटा आहे. 2011 मध्ये रितेश अरोरा आणि नकुल अग्रवाल या आयआयटी मुंबईच्या माजी विद्यार्थ्यांनी मुंबईतून ब्राउझरस्टॅक सुरू केलं. तुमच्याकडे नसलेल्या फोनवर आणि ब्राउझरवर, त्यांच्या यंत्रांवर तुमची चाचणी चालवून देणारी ही सेवा जगभर वापरली जाते. तालुक्यातल्या लोकांच्या हातात पाच-सहा वर्षं जुने अँड्रॉइड फोन असतात, आणि ते फोन कुठल्याच कार्यालयात चाचणीसाठी ठेवलेले नसतात. अशा वेळी ही सोय कामाची आहे.

या थरात मोजकेच प्रवास ठेवावेत: लॉगिन करून सातबारा काढणं, फेरफाराचा अर्ज पूर्ण करणं, पीक नोंदवणं, आणि नोंद करताना मधेच रेंज गेली तर काय होतं ते. शेवटचा प्रवास शहरातल्या संघांच्या यादीत क्वचितच असतो. प्लेराइटमध्ये ब्राउझरला ‘नेटवर्क नाही’ असं सांगता येतं, त्यामुळे ही चाचणी लिहिणं अवघड नाही. जळकोटच्या डोंगराळ भागात ही रोजची अवस्था आहे.

प्रत्येक पडद्यासाठी एक ‘पेज ऑब्जेक्ट’ करावा. गट क्रमांकाची चौकट कुठे आहे हे फक्त त्याला माहीत. चाचणी त्याला ‘गट 45 शोध’ एवढंच सांगते. पडदा बदलला की एकच फाइल बदलते.

कधी पास, कधी फेल

कोड तोच, तरी चाचणी सकाळी पास आणि दुपारी फेल, अशा चाचणीला ‘फ्लेकी’ म्हणतात. गुगलनं 2016 मध्ये स्वतःबद्दल जाहीर केलं होतं की त्यांच्या सुमारे 16 टक्के चाचण्यांत थोडाफार असा लहरीपणा आहे, आणि एकूण चाचणी-फेऱ्यांपैकी सुमारे दीड टक्का निकाल असे लहरी येतात. दीड टक्का ऐकायला थोडा वाटतो. पण हजार चाचण्यांच्या संचात ते प्रमाण धरलं तर प्रत्येक फेरीत पंधरा खोट्या हाका येतील, आणि थोड्याच दिवसांत संघ खऱ्या हाकेकडेही ‘पुन्हा चालव, होईल पास’ म्हणून दुर्लक्ष करू लागेल. संपूर्ण संचावरचा विश्वास इथेच मरतो.

कारणं बहुतेक ठरलेली असतात. ‘तीन सेकंद थांब’ असं लिहिलेलं असतं आणि सर्व्हरला कधी चार लागतात. सेकंद मोजण्याऐवजी सातबाऱ्याचा तक्ता दिसेपर्यंत थांब असं सांगावं. एका चाचणीनं मागे टाकलेल्या नोंदीवर दुसरी अवलंबून असते. चाचण्यांचा क्रम मुद्दाम उलटसुलट करून चालवला की ती सापडते. तिसरं कारण घड्याळ, ते वर आलंच आहे. लहरी चाचणी ताबडतोब मुख्य संचातून काढून वेगळ्या यादीत टाकावी, तिच्यापुढे जबाबदार व्यक्तीचं नाव आणि तारीख लिहावी, आणि ठरलेल्या मुदतीत ती दुरुस्त किंवा रद्द करावी. आपोआप तीनदा चालवून एकदा पास झाली तर पास समजायचं, ही सोय मला घातक वाटते. लहरीपणा कधीकधी खुद्द ॲप्लिकेशनमध्ये असतो, आणि मग तीन शेतकऱ्यांपैकी एकाची नोंद खरोखरच हरवत असते.

कोणती केव्हा

चाचण्यांना खुणा, म्हणजे टॅग, लावता येतात. पायटेस्ट, जेयुनिट, प्लेराइट या सगळ्यांत ती सोय आहे. फाइल जतन केली की त्या विषयाच्या युनिट चाचण्या. कोड सामायिक भांडारात पाठवला की सगळ्या युनिट आणि इंटिग्रेशन चाचण्या. यांना दहा मिनिटांपेक्षा जास्त वेळ लागू लागला तर त्या तीन-चार यंत्रांवर वाटून चालवाव्यात. रात्री ब्राउझरच्या सगळ्या, निरनिराळ्या फोनांवर. नवी आवृत्ती सर्व्हरवर चढली की ‘स्मोक’ची खूण असलेल्या चार-पाच: पान उघडतं, लॉगिन होतं, एक सातबारा दिसतो. गिटहब ॲक्शन्स, गिटलॅब किंवा जेनकिन्स यांपैकी काहीही यासाठी पुरतं, आणि विद्यार्थ्यांच्या प्रकल्पाला पहिल्या दोन्हींची मोफत मर्यादाही बहुधा पुरते.

जुना प्रकल्प हाती आला तर

नोकरीत कोरं ॲप्लिकेशन क्वचितच मिळतं. बहुधा कुणीतरी लिहून ठेवलेला, एकही चाचणी नसलेला कोड मिळतो. मायकेल फेदर्स यांनी 2004 मध्ये अशाच कोडवर पुस्तक लिहिलं. त्यांचा सल्ला असा: आधी कोड काय करायला हवा याचा विचार बाजूला ठेवा, तो आज काय करतो ते चाचणीत पकडून ठेवा, आणि मगच बदलायला हात घाला. आपल्या ॲप्लिकेशनमध्ये ही सुरुवात तीन जागी व्हावी. पहिली, फेरफार प्रमाणित होण्याची वाट. दुसरी, क्षेत्राचे सगळे हिशेब. तिसरी, सही झालेला सातबारा तयार होणं. नंतर आलेल्या प्रत्येक तक्रारीसाठी आधी ती चूक दाखवणारी, फेल होणारी चाचणी लिहायची, मग दुरुस्ती. तक्रारीचा क्रमांक चाचणीच्या नावात ठेवावा, म्हणजे दोन वर्षांनी ती का आहे असं विचारणाऱ्याला उत्तर मिळतं. या तीन जागा झाकल्या गेल्या की मग फोल्डरांची नवी रचना हाती घ्यावी. त्याआधी कोडच्या फायली इकडून तिकडे हलवल्या, तर काय मोडलं हे सांगायला एकही चाचणी नसते.